मनीप्लांटसाठी घरचाच खांब

मनीप्लांट बाटलीत ठेवलं की त्याची पानं वर्षानुवर्षं तेवढीच राहतात, अन् तेच आंब्याच्या खोडावर चढलं की सुपाएवढी होतात. सगळा खेळ पेऱ्याचा आहे. देठाजवळच्या पेऱ्यातून जी तपकिरी मुळी निघते, तिला काही ओलं अन् खरबरीत सापडलं की ती चिकटते, मग वेल वर जाते अन् पान मोठं होत जाते.

आता ऑनलाइन मॉस स्टिक, म्हणजे वेल चढवायच्या तयार काठ्या मिळतात, दिसतातही छान, पण हे झाड मूळचं फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचं, दमट हवेतलं, अन् आपल्या इकडं विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं. सकाळी भिजवलेली स्टिक दुपारी कडक. कोरड्या काठीला मुळी धरत नाही, मग तो खांब नुसता टेकू म्हणून उभा.

म्हणून खांबाच्या पोटातच पाणी पायजे. शेतात ठिबकच्या जुन्या १६ एमएमच्या नळ्या पडूनच असतात, त्यातला हातभर तुकडा घ्यायचा, खालचं तोंड दुमडून तारेनं गच्च बांधायचं अन् गरम सुईनं चहूकडून बारीक भोकं पाडायची. नळीवरच्या जुन्या ड्रिपरवर, म्हणजे पाणी ठिबकायच्या छिद्रांवर भरोसा ठेवू नका, बोरच्या पाण्यातल्या क्षारानं ते बुजलेले असतात. मीटरभर नळीत जेमतेम दीडशे मिली पाणी मावते, म्हणून वर बुड कापलेली बाटली उलटी खोचायची. ही नळी बांबूच्या कमचीला बांधायची, भोवती काथ्या, त्यावर पोत्याचं बारदान, अन् वरून सुतळी आवळायची. प्लास्टिकचं पोतं चालत नाही, सुतळीचंच घ्या. काथ्या आधी भिजत घालून ते लाल पाणी एकदोनदा फेकून द्यायचं.

तुराटी-पऱ्हाटी, म्हणजे तुरीची अन् कपाशीची वाळली झाडं, फुकटची असते पण ओल्या कुंडीत सडते, उधळी (वाळवी) लागते ते वेगळंच. बांबूलाही लागते, म्हणून त्याच्या खालच्या टोकावर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवून द्या.

खांब कुंडी भरतानाच बुडापर्यंत रोवा, नंतर खुपसला की मुळं तुटतात. पेरा खांबाला टेकवून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं सैल बांधायचं. देठ बांधू नका, तो मोकळाच पायजे, पानाला उजेडाकडं वळावं लागते.

मी रोज सकाळी बाटली भरतो तर आई म्हणते, "काऊन रे, आता बांबूले पानी पाजून राहिला का?" पण अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडच्या पानमळ्यात नागवेलीला शेवरीचा आधार देतात, तिथं जाऊन पाहा, सावली अन् ओल सांभाळण्यातच निम्मी मेहनत जाते.

अन् वेल खांबाच्या वर गेली की शेंड्याला दोन पेरे ठेवून तो कापा अन् त्याच कुंडीत लावून द्या. कापल्या जागेखालून नवा फुटवा येते, कुंडी खालून भरते.