अकरा वर्षे रखडलेले बारसे

आमच्याकडे बाळाचे नाव बाराव्या दिवशी ठेवण्याची पद्धत असली, तरी पाहुणे, हॉल आणि आत्याची रजा यांचा मेळ बसेपर्यंत तिसरा महिना उजाडतो. बुगुन लिओसिकला या पक्ष्याचे बारसे मात्र अकरा वर्षे रखडले. पश्चिम अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात, दोन हजार मीटरांहून उंच डोंगरउतारावर, 1995 साली रमणा अत्रेय यांना हा पक्षी ओझरता दिसला, पण कोणत्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळेना. अत्रेय पेशाने खगोलशास्त्रज्ञ, काम पुण्यात; दूरचे आणि अंधूक पुन्हा पुन्हा पाहण्याचा धीर त्यांना तिथूनच मिळाला असावा, असे मला उगाचच वाटते. 2005 मध्ये पक्षी पुन्हा दिसला आणि 2006 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले.

आकाराने तो आपल्या बुलबुलापेक्षा जेमतेम मोठा. अंग राखाडी-हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्याच्या पुढेमागे पिवळा ठिपका, पंखांवर पिवळे, तांबडे आणि पांढरे पट्टे; शेपटीखाली तर कुंकू सांडल्यासारखा लाल रंग. एवढा नटलेला जीव इतकी वर्षे नजरेआड कसा राहिला, याचे नवल वाटते खरे. पण नाव मिळाले तेव्हा या जातीचे अवघे चौदा पक्षी ठाऊक होते आणि धुक्यातल्या दाट झुडपांत रंगसुद्धा विरघळतात.

नव्या जातीचा एक पक्षी मारून, पोटात कापूस भरून संग्रहालयात ठेवायचा, हा शास्त्राचा जुना रिवाज. इतक्या थोड्यांतला एक कमी करणे अत्रेय यांना पटले नाही. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्याची छायाचित्रे, मोजमापे आणि गळालेली पिसे ठेवून घेऊन त्यांनी त्याला सोडून दिले. आत्या बाळाच्या कानात कुर्र करून त्याला परत आईकडे देते, तसेच काहीसे हे झाले.

नाव मात्र त्यांनी स्वतःचे दिले नाही, की एखाद्या साहेबाचेही नाही. त्या डोंगरात राहणाऱ्या बुगुन लोकांचे दिले. पुढे 2017 मध्ये तिथल्या सिंगचुंग गावच्या बुगुनांनी सुमारे सतरा चौरस किलोमीटर जंगल या पक्ष्यासाठी राखून ठेवले.

मी तो अजून पाहिलेला नाही. त्याची शीळ फोनवर ऐकतो, एवढेच. ‘लिओसिकला’ म्हणताना आईची जीभ अडखळते, म्हणून तिने ते शेपूट केव्हाच कापून टाकले आहे. अरुणाचलची काही बातमी आली, की ती स्वयंपाकघरातूनच विचारते, “काय रे, तुझा बुगुन बरा आहे ना?”