फिरकीचा तांब्या: जुना बाजार ते सहलीची पिशवी

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. रमतगमत फिरायला रविवार बरा, पण भांडी नीट पारखून घ्यायची तर सकाळी नऊच्या आत पोचावं. तेव्हा ऊन तिरकं असतं, त्यामुळे पितळेवरचा प्रत्येक पोचा सावलीने उठून दिसतो. दुपारी सगळंच चकाकतं. शिवाय विक्रेत्याची भवानी व्हायची असेल, तर भावही जरा मऊ निघतो.

तिथल्या ढिगाऱ्यांत बंब, घंगाळं, पानाचे डबे, समया असं बरंच काही असतं. माझा जीव मात्र फिरकीच्या तांब्यावर आहे. आटेवालं झाकण, वर उचलायला कडी, फुगीर पोट आणि अरुंद मान. एक ते दीड लिटर पाणी सहज मावतं. प्लास्टिकच्या बाटल्या घरोघरी येण्याआधी सहल म्हटली की दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि हा तांब्या ठरलेला. एसटीत तो पायांच्या मध्ये धरायचा, रेल्वेत स्टेशनच्या नळावर भरून घ्यायचा, सिंहगडावर देवटाक्याचं पाणी त्यात घ्यायचं. अजूनही तो शोभेसाठी घेऊ नये, वापरायलाच घ्यावा. म्हणूनच पारखून घ्यावा.

घरून निघताना पिशवीत एक लोहचुंबक, लटकता वजनकाटा, एक लिटर पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्राची दोन पानं ठेवा. टॉर्च मोबाइलमध्ये असतोच.

आधी चुंबक. तांबं आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून नुसता मुलामा. कडी, तिचे कान आणि झाकण यांनाही चुंबक लावा, कारण मूळ कडी तुटल्यावर लोखंडी तार वाकवून बसवलेली पुष्कळदा सापडते. ते चालतं, फक्त भाव करताना बोलून दाखवावं.

मग फिरकी. या तांब्याचा जीव तिच्यात आहे. झाकण जोर न लावता फिरायला लागलं पाहिजे आणि निदान दोन वेढे घेऊन बसलं पाहिजे. अर्ध्या वेढ्यात अडलं तर तीन शक्यता: आट्यांत क्षार साचलेत, मान पोचून लंबगोल झालीय, किंवा झाकण दुसऱ्याच तांब्याचं आहे. क्षार असतील तर घरी निघतात. मानेसाठी वरून डोळा लावून बघा. तोंड पूर्ण गोल दिसलं नाही तर तांब्या ठेवून द्या. पोटावरचा पोचा दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. मानेवरचा छोटा पोचा मात्र गळती घेऊन येतो, आणि सरळ करायला गेलं की आटे बिघडतात. झाकण दुसऱ्याचं असेल तर ते दोन वेढ्यांनंतरही डुगडुगतं.

आता पाणी भरा, झाकण लावा, तांब्या वर्तमानपत्रावर आडवा ठेवा आणि विक्रेत्याशी पाच मिनिटं गप्पा मारा. झाकणापाशी दोन-चार थेंब आले तर हरकत नाही. जुने तांबट रबर घालत नसत, आटे एकमेकांवर घट्ट बसवूनच काम भागवत. आज अन्नासाठी चालणारी सिलिकॉनची पातळ रिंग आत बसवली की तेवढी गळती थांबते. पण बुडाशी किंवा मानेच्या जोडावर कागद ओला झाला तर तो सांधा गेलेला आहे.

सांधा जोडायला वितळवून घातलेल्या धातूचा रंगही बघा. पितळी झाळ पिवळसर आणि कठीण असते. करड्या रंगाचा, नखाने ओरखडा उठणारा डाख दिसला तर तो बहुधा शिसं-कथलाचा. असा डाख पाण्याच्या बाजूला असेल तर तो तांब्या पिण्यासाठी घेऊ नका, कितीही देखणा असला तरी.

पितळेला आणखी एक रोग असतो, आणि तो फार कमी लोक बघतात: काठापासून खाली उतरणारी केसासारखी चीर. ठोकून किंवा ओढून घडवलेल्या पितळेत ताण साठून राहतो. त्याला अमोनिया आणि दमट हवा मिळाली की ते आपोआप तडकतं. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात, आणि नंतर काढावीत तर तडकलेली निघत. कारण होतं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. त्याचा उलगडा 1921 मध्ये झाला. म्हणून गोठ्यात किंवा तबेल्यात पडून राहिलेलं भांडं जास्त निरखून बघा, आणि अमोनिया असलेल्या द्रावणाने पितळ कधीच पुसू नका. पिवळ्या पितळेवर गुलाबी डाग असतील तर तिथलं जस्त निघून गेलंय आणि धातू ठिसूळ झालाय.

भाव करताना मोडीचा दर माहीत हवा. त्या दिवशीचा पितळेचा किंवा तांब्याचा दर भांड्यांच्या दुकानात विचारून ठेवा, काट्यावर वजन करा, गुणाकार करा. तो झाला तळ. त्याच्या वर जे द्यायचं ते घडणीचं आणि जमणाऱ्या फिरकीचं. ‘अँटिक’ शब्दाचे पैसे देऊ नका. रसायनाने हिरवं केलेलं नवं भांडं सगळीकडे एकसारखं हिरवं असतं. खरं जुनं भांडं बुडाच्या काठावर आणि कडीच्या कानांत झिजलेलं असतं, कारण घासलं जायचं ते तिथेच.

घरी आल्यावर एक लिटर कोमट पाण्यात एक टेबलस्पून लिंबूसत्त्व विरघळवा आणि झाकण व मान वीस मिनिटं बुडवा. जास्त वेळ नको, आम्लात जस्त सुटायला लागतं. मग मऊ ब्रशने आटे घासा. आत हात जात नाही, म्हणून मूठभर तांदूळ, कोमट पाणी आणि थोडा साबण घालून दोन मिनिटं खळखळवा. बाहेरून चिंच-मीठ पुरेसं आहे. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव असेल तर तिथे हलका हात ठेवा. पॉलिशच्या यंत्राखाली ते नाव कायमचं जातं. एखाद्या घरातल्या रुखवताची किंवा कुणाच्या स्मरणाची ती शेवटची नोंद असू शकते.

तांब्या तांब्याचा असेल तर साध्या पाण्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, लागत नाही. ताक, सरबत, कोकम मात्र त्यात नेऊ नका. आंबट पदार्थ कळकतो, जीभ खरखरते, मळमळतं. पितळी असेल तर आतून कल्हई करून घ्यावी. कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा. कल्हईवाल्याकडची कथलाची कांडी कानाशी धरून वाकवून बघा: शुद्ध कथील करकरतं, शिसं मिसळलेलं मुकं राहतं. भांडं तापवून, नवसागर टाकून कापसाने कथील फिरवतात. इथे मान अरुंद, त्यामुळे कापूस सळईला गुंडाळावा लागतो आणि खांद्याच्या आतल्या बाजूला जागा सुटते. टॉर्च आत मारून तिथेच बघा, आणि पिवळं दिसलं तर लगेच पुन्हा करायला सांगा. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचा रिकामा तांब्या कधी गॅसवर ठेवू नका. पहिली दोन पाणी उकळीची घालून फेकून द्या.

जाता जाता थर्मास. तळेगावच्या ईगलचे जुने थर्मास बाजारात अजून दिसतात. तळ उघडून आतल्या काचेचं बुडाचं टोक शाबूत आहे का ते बघा. ते टिचलं की निर्वात पोकळी गेली. उकळतं पाणी भरल्यावर दहा मिनिटांत बाहेरून गरम लागला तरी तेच समजा.

सहलीला तांब्या भरताना दोन बोटं जागा ठेवा. भोवती ओलं फडकं गुंडाळा. मार्च ते मे देशावरच्या कोरड्या हवेत पाणी छान गार होतं, कोकणात दमटपणामुळे फारसं नाही. भरलेला तांब्या दोन किलोंच्या पुढे जातो, तेव्हा एसटीने, गाडीने जायच्या सहलीला उत्तम, गड चढायला जड. परत आल्यावर उपडा ठेवून वाळवा आणि झाकण न लावता ठेवा. ओला असताना बंद करून ठेवला की आट्यांत कळंक धरतो आणि झाकण अडकतं. अडकलंच तर ठोकू नका. झाकण मानेच्या बाहेरून बसत असेल तर झाकणावर गरम पाणी ओता, आत बसत असेल तर मानेवर. मग खोबरेल तेलाचा एक थेंब सोडून पाच मिनिटांनी फिरवा.