निकाल ठरलेलाच असतो, मग फासे कशाला?

मी एक खेळ तयार केला आणि स्वतःच छापला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत खेळायचा. विषय टीव्हीवरच्या कुस्तीचा: रिंग, दोरखंड, झगमगाट, माईक हातात घेऊन मारलेल्या बढाया. प्रत्येक जण एकेक पैलवान होतो आणि एक जण कमिटी. जत्रेतल्या कमिटीसारखंच जोड लावणं त्याच्याकडे, फक्त इथं निकालही तोच आधी ठरवतो. हे ऐकलं की बेळगावात तालमीतले वस्ताद असोत की कॉलेजची पोरं, विचारतात एकच. "कोण जिंकणार ते ठरलेलंच आहे, मग फासे कशाला टाकायचे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जिंकण्या-हरण्यासाठी ते फासे नाहीतच.

आनंदवाडीच्या आखाड्यात निकाली कुस्त्या बघत वाढलेल्या माणसाला नुरा कुस्तीची, म्हणजे आधीच निकाल ठरवून लढलेल्या कुस्तीची, चीड येते, आणि ती यावी. मातीत लोक निकाल बघायला बसलेले असतात. रिंगची गोष्ट वेगळी. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे टीव्हीवरच्या कुस्तीची अमेरिकन कंपनी असलेल्या खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच सांगून टाकलं की आमचं हे मनोरंजन आहे. सत्य सांगायची हौस नव्हती, क्रीडा आयोगाचे नियम आणि आकारणी टाळायची होती! तरी प्रेक्षक काही घरी बसले नाहीत. तेव्हा माझ्या खेळात फासे एवढंच सांगतात: लोक पेटले की नाही.

लुडोचे दोन फासे पुरतात. त्यांच्या ३६ शक्यतांपैकी १५ वेळा बेरीज ६ किंवा कमी येते, १५ वेळा ७ ते ९, आणि १० किंवा जास्त फक्त ६ वेळा. ही विभागणी माझ्या डोक्यातली नाही; २०१० पासून गोष्ट रचत खेळायच्या बऱ्याच स्वतंत्र खेळांत ती चालत आली आहे. मला तिच्यातला मधला टप्पा आवडतो. डाव बसतो, शिट्ट्याही पडतात, पण बदल्यात काहीतरी सोडावं लागतं. समजा कमिटीने तुम्हाला हरायला सांगितलंय आणि तुमचे ११ पडले. हरायचं तर आहेच, पण मैदान तुमचं झालं. जिंकणारा पट्टा घेऊन उभा आणि लोक नाव तुमचं घेतायत. आता पुढच्या जोडीत कमिटीची पंचाईत.

सर्वात जास्त वेळ खलनायकाने खाल्ला. लोकांनी शिव्या घालाव्यात म्हणून परदेशी खलनायक गावालाच नावं ठेवतो, सोपी युक्ती. आपल्याकडे त्याहून सोपी एक आहे, भाषा. पहिल्या खेळांत प्रत्येक खलनायक तिथंच घसरायचा. कुणी मराठीला बोल लावायचा, कुणी कन्नडला. पण बेळगावच्या मैदानात त्याने अर्धे लोक चिडतात आणि उरलेले अर्धे टाळ्या वाजवतात. खलनायक म्हणजे सगळ्यांना मिळून नकोसा झालेला माणूस. म्हणून नियम केला: भाषेवर गेलात की एकच फासा. एका फाशावर ७ येतच नाही, म्हणजे डाव फसणारच, त्यामुळे तो मोह लवकर सुटला. मग खरे खलनायक निघाले. एकाने बक्षिसाच्या रकमेवरून हलगीवाल्याशी घासाघीस केली. सगळं टेबल खवळलं, दोन्ही भाषांत.

छपाईचं फार सांगण्यासारखं नाही. लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं छापणाऱ्या प्रेसमध्ये काम दिलं. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून डावांची लांबलचक यादी कापली. पुस्तिकेचं त्यात भलंच झालं. आयएसबीएन आपल्याकडे स्वतः प्रकाशन करणाऱ्यालाही फुकट मिळतो, फक्त अर्ज नीट भरावा लागतो. "हे पुस्तक की खेळ?" असं प्रेसवाल्या काकांनी विचारलं तेव्हा मी पुस्तक म्हणालो. दुकानदारांना खेळ म्हणतो.

वस्तादांचा एक उपप्रश्न मात्र मला मूळ प्रश्नाहून मोठा वाटतो. "आणि लागलं तर?" रिंगमधली आपटी ठरवून खाल्लेली असली तरी मान खरीच मोडू शकते. उचलणाऱ्याच्या हातात समोरच्याचा जीव असतो. म्हणून उंचावरून टाकायच्या डावाला ६ किंवा खाली आलं, तर लागतं ते डाव टाकणाऱ्याला नाही, ज्याला उचललंय त्याला. कुस्ती तिथंच सोडायची की ठरलेल्या शेवटापर्यंत रेटायची, यासाठी पुन्हा फासे नाहीत. कमिटीलाही बोलायची मुभा नाही. ते ज्याला लागलंय त्यानं सांगायचं.