कमरेला पिस्तूल, पण जादा काडतुसं किती?

परवान्याची .32 पिस्तूल कपड्याआड बाळगणाऱ्याला एक भरलेलं जादा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, पुरे. दोन-तीन घेणं म्हणजे नुसता कमरेला भार. जादा मॅगझिन ठेवण्याचं कारण गोळ्या संपतील हे नाही, मॅगझिनच दगा देईल हे आहे. स्प्रिंग थकते, तोंडाची पत्र्याची कड वाकते, खालची प्लेट निसटते. मग काडतूस तिरकं अडकतं. अशा वेळी खराब मॅगझिन काढून दुसरं लावणं हाच झटपट उपाय. म्हणून दोन्ही मॅगझिनवर नंबर टाका, अडणारं कोणतं ते कळतं.

जादा मॅगझिन पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला, पाऊचमध्ये, गोळीचं टोक पुढे. खिशात किल्ल्या-चिल्लरीसोबत मुळीच नको. रिव्हॉल्वरवाल्यांनी 6 काडतुसांची रबरी पट्टी ठेवावी. सुटी काडतुसं घाईत हातातून सांडतात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, घाम पाऊचमध्ये झिरपतो. महिन्यातून एकदा काडतुसं काढून कोरड्या फडक्याने पुसा. तेल नको, ते प्रायमरपर्यंत, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत, गेलं तर बार फुसका. तेच काडतूस वारंवार चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) चढवलं की गोळी काडतुसाच्या कवचात आत दबते आणि बार उडताना दाब वाढतो. शेजारी नवं काडतूस उभं धरा. जुनं बुटकं दिसलं तर बाद.

परवान्यावर एका वेळची आणि वर्षाची मर्यादा लिहिलेली असते, मॅगझिनमधली काडतुसंही त्यातच मोजा. आणि सोनेगावला विमान पकडण्याआधी बॅगेचा कप्पान् कप्पा उलटा करा. विसरलेलं एकच काडतूस थेट पोलिस ठाण्यात नेतं.