तुम्ही विचारलंत म्हणून: तो उभा होता, मग लढत का थांबवली?

प्रोफेशनल बॉक्सिंगची लढत रेफरीने मध्येच थांबवली की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ पुस्तीही येते, 'ऑलिम्पिकमध्ये असं नसतं हो.' नसतंच. तिथे खेळाडू पडला नसला तरी रेफरी त्याला उभ्याउभ्या आठपर्यंत मोजणी देऊ शकतो, तेवढीच उसंत मिळते. प्रोफेशनलच्या एकत्रित नियमांत ती सोय ठेवलेली नाही. पडलात तर आठपर्यंत मोजणी सक्तीची. न पडता नुसतेच ठोसे खात राहिलात तर रेफरीपुढे दोनच वाटा उरतात, चालू द्यायचं किंवा संपवायचं.

दुसरा घोळ दहा आकड्यांचा, म्हणजे पडलेला बॉक्सर दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरतो, त्या मोजणीचा. कुस्तीत पाठ टेकली की निकाल, तसं इथे दहाच्या आत उठला की वाचला, असं लोक धरून चालतात. उठल्याने फक्त तपासून घेण्याचा हक्क मिळतो. आठ म्हणेपर्यंत रेफरी डोळे बघतो, नजर ठरते का ते बघतो, हात वर येतात का, पाय लटपटतात का. 'ठीक आहेस ना?' असं विचारतो, कधी दोन पावलं पुढे यायला सांगतो. उत्तर मिळालं नाही तर खेळ संपला. उभा असला तरी.

आता त्या लढतीबद्दल, कारण तुमचा रोख शेवटी तिथेच असतो. 17 मार्च 1990, लास व्हेगास. हुलिओ सेझार चावेझ आणि मेल्ड्रिक टेलर, दोघेही अपराजित. अकरा राउंड टेलर हातांच्या वेगावर पुढे राहिला. पण चावेझचे ठोसे संख्येने कमी आणि वजनाने जड होते. टेलरचा चेहरा सुजला होता, तोंडातून रक्त पोटात जात होतं, आणि चेहऱ्याचं हाड मोडल्याचं नंतर कळलं. दर राउंडला जिंकणाऱ्याला सहसा दहा आणि हरणाऱ्याला त्याहून कमी गुण मिळतात. त्या बेरजेत अकरा राउंडनंतर दोन जजेसनी टेलरला 108-101 आणि 107-102 असं पुढे ठेवलं होतं, तिसऱ्याने चावेझला 105-104. हे आकडे लढत चालू असताना कोणालाच कळत नाहीत. म्हणून टेलरच्या कॉर्नरने, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या ट्रेनर मंडळींनी, त्याला शेवटचा राउंडही जिंकायलाच हवा असं सांगून पाठवलं. दूर राहून तीन मिनिटं काढली असती तरी तो जिंकला असता.

शेवटची सतरा-एक सेकंद उरली असताना चावेझच्या उजव्या हाताने तो कोपऱ्यात पडला. मोजणी चालू असताना घड्याळ थांबत नाही, हे इथे लक्षात ठेवा. टेलर दोरीला धरून सहा मोजेपर्यंत उठला. रेफरी रिचर्ड स्टीलने आठपर्यंत मोजलं, दोनदा विचारलं. त्याच क्षणी टेलरचा ट्रेनर लू डुवा रिंगच्या कडेवर चढत होता. टेलरची मान तिकडे वळली आणि उत्तर आलंच नाही. स्टीलने हात हलवून लढत संपवली, म्हणजे चावेझ जिंकला. बाराव्या राउंडची 2 मिनिटं 58 सेकंद झाली होती.

दोन सेकंद! टेलर पडल्यामुळे तो राउंड चावेझकडे 10-8 ने गेला असता तरी गुण झाले असते 116-111 आणि 115-112. दोन जज टेलरकडे, म्हणजे विजय त्याचाच.

पूर्वी मी यावर 'रेफरीने जीव वाचवला' असं ठोकून द्यायचो. आता ते म्हणवत नाही. दोन सेकंदांत चावेझला त्याच्यापर्यंत पोचून एक ठोसाही धड मारता आला नसता. कोपऱ्यावर शेवटच्या दहा सेकंदांचा लाल दिवा लागलेला होता. वेळ बघणं आपलं काम नाही, असं स्टीलचं नंतरचं म्हणणं. नियमाने तेच बरोबर. दोन सेकंद उरल्यावर सूट द्यायची तर मग पाच उरल्यावर का नाही, वीस उरल्यावर का नाही? शिवाय राउंडच्या 180 सेकंदांवर चावेझचाही हक्क होताच की.

पण टेलर गप्प राहिला तो शुद्ध हरपल्याने, की स्वतःचाच माणूस वर चढताना दिसला म्हणून? राउंड चालू असताना कॉर्नरने कडेवर चढायचं नसतं, आत पाऊल टाकलं तर आपलाच बॉक्सर बाद होऊ शकतो. तो नियम याच गोंधळासाठी आहे. डुवाने तो पाळला असता तर टेलरने रेफरीकडे बघितलं असतं का? कदाचित.

'उभा होता' म्हणणाऱ्यांनी 13 नोव्हेंबर 1982 चीही लढत बघावी. दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये रे मॅन्सिनीच्या ठोशाने पडला, दोरी धरून उठला, आणि रेफरीने लढत थांबवली. थोड्याच वेळात तो बेशुद्ध झाला आणि काही दिवसांत गेला. तोही उभा होता. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने किताबाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आणल्या, बाकीच्या संघटना हळूहळू मागून आल्या. चावेझ-टेलर बारा राउंडची होती ती त्यामुळेच. पंधरा राउंड असते तर टेलरचं काय झालं असतं, यावर त्याचे चाहते बोलत नाहीत.

काहीजण तोडगा सुचवतात, मोजणीच्या वेळी घड्याळ थांबवा. वरवर न्याय्य वाटतं. पण त्या हिशेबाने मोडक्या चेहऱ्याच्या, पाय न धरणाऱ्या टेलरला त्या रात्री चावेझसमोर आणखी पंधरा-सोळा सेकंद उभं राहावं लागलं असतं, आणि तेवढ्या वेळात चावेझ चार-पाच ठोसे सहज मारतो.