विसर्जनानंतरचा डावा कान

विसर्जन मिरवणुकीनंतरचा कामाचा पहिला दिवस आमच्या श्रवण तपासणी विभागात दरवर्षी गर्दीचाच असतो. पुण्यात ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना या दिवसाची तयारी आदल्या आठवड्यातच करावी लागते. त्या वर्षीही सकाळी साडेनऊला बाकावर पाचजण बसले होते. सगळे ढोल-ताशा पथकांतले आणि तक्रार एकच: कान वाजतोय. कुणाच्या कानात रातकिडे, कुणाच्या कानात कुकरची शिट्टी, तर कुणाच्या कानात ट्रान्सफॉर्मरजवळ ऐकू येते तशी घूं.

पहिल्या चौघांचं चित्र जवळपास सारखं होतं. दोन्ही कान वाजतायत, दोन्हींत थोडं बधिर वाटतंय आणि आवाज मिरवणुकीच्या रात्रीच सुरू झालेला. ऑडिओग्रामवर (कोणत्या पट्टीचा आवाज किती डेसिबलला ऐकू येतो त्याचा आलेख; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी) ४००० ते ६००० हर्ट्झच्या आसपास रेषा ३०-३५ डेसिबलपर्यंत खाली गेलेली, बाकी ठीक. मोठ्या आवाजाचा मार पडलेला कान असाच दिसतो. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात आणि काही वर्षांची सरासरीच १०० डेसिबलच्या पुढे गेली आहे. ८५ डेसिबल हा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरलं, तर पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. १०० डेसिबलला ती उरते फक्त १५ मिनिटं. ही मुलं सहा-सहा तास वाजवतात. अंतःकर्णातल्या बारीक तंतू असलेल्या पेशी थकतात. काही सावरतात, काही कायमच्या जातात. आवाजातून आल्या आल्या केलेल्या चाचणीत थकवा आणि नुकसान वेगळं काढता येत नाही, म्हणून या चौघांना दोन आठवड्यांनी परत बोलावलं आणि तोवर हेडफोनसुद्धा नको असं सांगितलं.

पाचवा ताशावादक होता, वय २९. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याच्याबरोबर आलेला मित्र म्हणाला, "मॅडम, याचंही तेच आहे. आवाज बसलाय कानात, दोन दिवसांत जाईल ना?" ताशावाल्याने स्वतः एवढंच सांगितलं, "डावा कान वाजतो आणि दडा बसल्यासारखं वाटतं."

डावा. एकच. इथेच मी पेन खाली ठेवलं. ताशा दोन्ही कानांना जवळपास सारखाच ऐकू येतो. आवाजाच्या माराने दोन कानांत थोडा फरक पडू शकतो, पण एक कान ठणठणीत आणि दुसरा बंद असं सहसा होत नाही.

कधीपासून, हे विचारल्यावर उत्तर आलं, "गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हापासून." म्हणजे सहावा दिवस. आदल्या रात्री वाजवलं होतं का? नाही, त्या दिवशी पथकाला सुट्टी होती. चक्कर? दात घासताना भिंत धरावी लागली होती, जागरणामुळे असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं. फोन कोणत्या कानाला लावता? डाव्याला लावायचा, पण ऐकू येत नाही म्हणून चार दिवसांपासून उजव्याला. मधल्या दिवसांत औषधाच्या दुकानातून मळ मऊ करायचे थेंब आणून टाकले होते, घरी लसूण घालून कोमट केलेलं तेलही सोडलं होतं. एका दवाखान्यात कान न बघताच सर्दीची गोळी मिळाली होती. ज्याने त्याने कारण ढोल-ताशावर ढकललं होतं, कारण ते समोर आयतं होतं.

"दडा बसणं" या शब्दाने फार घोळ होतो. बाह्यकर्णात मळ अडकला, पडद्यामागे पाणी साठलं किंवा अंतःकर्णाची नस अचानक कमजोर झाली, तिन्ही वेळा माणूस दडा बसला असंच म्हणतो. पहिल्या दोन गोष्टींत चार दिवस गेले तर फारसं बिघडत नाही. तिसरीत बिघडतं. आणि हा फरक ओळखायला महागडं यंत्र लागत नाही.

मी त्याला तोंड मिटून "म्‌म्‌" असा लांब हुंकार द्यायला सांगितलं आणि आवाज कोणत्या कानात जास्त घुमतो ते विचारलं. वाटेतला अडथळा असेल तर हुंकार बंद कानात जास्त घुमतो. एका कानात बोट घालून हुंकार दिलात तर हे लगेच कळेल. नस कमजोर असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. हा म्हणाला, उजव्या. लोक पुष्कळदा आपल्याला अपेक्षित असेल ते सांगतात, म्हणून दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं. उजव्याच. मग ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की एकाच सुरात कंप पावणारा धातूचा चिमटा) कपाळाच्या मध्यावर टेकवला, तेव्हाही उजव्या. फोर्क डाव्या कानासमोर हवेत धरला तर ऐकू येईना, कानामागच्या हाडावर टेकवला तर येई. इथे नवखा माणूस फसतो आणि पडद्याचा दोष समजतो. प्रत्यक्षात हाडातून जाणारा कंप पलीकडचा उजवा कान ऐकत असतो.

ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याने, पाहिलं तर तेलाचा ओशटपणा आणि खालच्या भिंतीला थोडा मळ. पण पडदा पूर्ण दिसत होता, चकचकीत. मळाने वाट जवळजवळ पूर्ण बुजल्याशिवाय ऐकू येणं एवढं कमी होत नाही. टिंपॅनोमेट्रीत (कानातला हवेचा दाब बदलून पडद्याची हालचाल बघायची चाचणी) दोन्ही पडदे नीट हलत होते, म्हणजे मागे पाणी नाही आणि सर्दीने नळी तुंबलेली नाही. दडा नव्हताच.

ऑडिओग्राम करताना उजव्या कानात मास्किंगचा, म्हणजे त्या कानाला गुंतवून ठेवणारा, आवाज सोडणं या केसमध्ये अत्यावश्यक होतं. हेडफोनमधून डाव्या कानाला ६० डेसिबल दिले की डोक्यातून साधारण ४० कमी होऊन २० उजवीकडे पोचतात, आणि याचा उजवा कान १० ला ऐकत होता. मास्किंग न करता कागदावर डावा कान ५० चा दिसला असता, कारण उत्तर उजवा कान देत होता. मास्किंगनंतरचे आकडे असे: ५०० हर्ट्झला ६० डेसिबल, १००० ला ७०, २००० ला ७५, ४००० ला ८०. हाडावाटेही तेवढंच कमी. २५ शब्द ऐकवले, त्यातले ७ बरोबर आले.

७२ तासांच्या आत, लागून असलेल्या तीन फ्रिक्वेन्सींना (आवाजाच्या पट्ट्यांना) ३० डेसिबल किंवा जास्त घट झाली तर तो अचानक आलेला नसेचा बहिरेपणा धरतात. आधीचा ऑडिओग्राम नसेल तर दुसऱ्या कानाशी ताडून बघतात. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. कान वाजणं हे त्याचं फार वारंवार दिसणारं लक्षण आहे, आणि बहिरेपणापेक्षा माणसाचं लक्ष आधी तिकडे जातं. वाजणाऱ्या आवाजाची पट्टी आणि पातळी जुळवण्याची चाचणी एरवी मी आवर्जून करते, त्या दिवशी केली नाही. अर्ध्या तासाने काही बदलणार नव्हतं हे मान्य, पण अशा केसमध्ये मी एकही पायरी जास्त ठेवत नाही. फाइल घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या खोलीत गेले आणि मधल्या तीन पेशंटांची माफी मागून त्याला पुढे नेलं.

डॉक्टरांनी मधुमेह, जुना क्षय, पोटातला अल्सर, काचबिंदू याबद्दल विचारलं, रक्तदाब आणि साखर पाहिली आणि स्टेरॉइड सुरू केलं: वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम या हिशेबाने प्रेडनिसोलोन, पण दिवसाला ६० च्या वर नाही, सकाळी न्याहारीनंतर एकदम, १० दिवस, मग टप्प्याटप्प्याने कमी. कुणी हे वाचून स्वतःहून घेऊ नये, साखर आणि रक्तदाब दोन्ही भडकू शकतात. हे औषध प्रत्येकाला लागू पडतं असंही नाही, आणि काही कान उपचारांशिवायही सुधारतात. पण आपला कान कोणत्या गटातला आहे हे आधी कळत नाही, आणि संधी पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असते. गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर कानाच्या पडद्यातून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात. याला तीन द्यावी लागली. श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायला एमआरआयही झाला. तशी गाठ थोड्याच जणांत सापडते, पण एकाच कानाच्या तक्रारीत ती शक्यता खोडल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याचा एमआरआय स्वच्छ आला.

त्याच दुपारी एक काकू आल्या. मांडवातल्या स्पीकरमुळे कानात धडधड होते म्हणाल्या. मनगटावर बोट ठेवून कानातल्या आवाजाबरोबर टेबलावर टकटक करायला सांगितलं. ठोके नाडीशी तंतोतंत जुळले. ऑडिओग्राम नॉर्मल, पण डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. हिमोग्लोबिन ६.८ निघालं, मासिक पाळीत अतिरक्तस्राव होत होता. नाडीबरोबरचा आवाज हे वेगळंच प्रकरण आहे: त्यात रक्तक्षय, थायरॉइड, कानामागच्या शिरा, सगळं पाहावं लागतं. स्पीकरचा इथे काही संबंध नव्हता.

ताशावाल्याकडे परत येते. सहा आठवड्यांनी डाव्या कानाचे आकडे होते: ५०० ला ३०, १००० ला ३५, २००० ला ४५, ४००० ला ६५. शब्द २५ पैकी १९. शिट्टी मात्र राहिली होती. त्याला वाटत होतं, कान सुधारला तर आवाज का जात नाही? मी रेडिओचं उदाहरण दिलं. स्टेशन नीट लागत नसेल तर आपण आवाज वाढवतो, आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते. कानाकडून वरच्या पट्टीचे संकेत कमी येतात, तेव्हा मेंदू तसंच करतो. म्हणून त्या पट्टीचा आवाज बाहेरून पुरवला की खरखर पुष्कळदा दबते. श्रवणयंत्र चाचणीसाठी दिलं, आणि रात्री पाण्याचा किंवा पंख्याचा आवाज शिट्टीपेक्षा किंचित खाली ठेवायला सांगितलं. शिट्टी पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय होत नाही. त्रास मोजण्याच्या २५ प्रश्नांच्या पत्रकात त्याचे गुण ६२ होते, म्हणजे तीव्र. सहा महिन्यांनी २८ आले, म्हणजे सौम्य.

ताशा सोडायला त्याची तयारी नव्हती. मग उजव्या कानाचं रक्षण हाच पहिला मुद्दा झाला. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. वादकांसाठीचे, सगळ्या पट्ट्या सारख्या दाबणारे प्लग मापाने बनवले. ते तयार होईतो फोमचे: बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. निम्मा बाहेर राहिलेला प्लग म्हणजे न घातलेला प्लग. पुढच्या वर्षी पथकाचा सराव सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तो दोन्ही कानांची चाचणी करायला आला, आणि पथकातल्या इतर ११ जणांनाही घेऊन आला. त्यांचे ऑडिओग्राम आता फाइलीत आहेत. कुणाचा कान एका सकाळी अचानक बंद झाला, तर ताडून बघायला दुसऱ्या कानावर अवलंबून राहावं लागणार नाही.