सड्यावरची शाळा

सात-बारावर ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, आहे. राजापूर तालुक्यातल्या सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, शाळा बांधायची ठरल्यावर संस्थेला तेच सोयीचं वाटलं. पीक नाही, झाड नाही, ब्रेकर लावून सपाट करून टाका! मे महिन्यात केलेला सर्व्हेही तेच सांगत होता. काळा कातळ आणि एका बाजूला सोडून दिलेली चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, एवढंच. आर्किटेक्ट म्हणून मी, पावसात जागा बघितल्याशिवाय नकाशा काढणार नाही म्हटलं, तर संस्थेच्या समितीतले एक सदस्य माझ्यावर वैतागले. कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, नाहीत ना, ते आधी चालून तपासा म्हटलं, तेव्हा आणखी.

ऑगस्टमध्ये सगळ्यांना भर पावसात वर नेलं. बोटभर पाणी अख्ख्या कातळावरून सरकत होतं. पेरभर मातीत गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके आणि सीतेच्या आसवांचे जांभळे पट्टे. या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून जगतात. अशी जागा आपल्या कागदांत पडीक ठरते, याचा मला अजून राग येतो.

सोबत आलेले खालच्या वाडीतले काका म्हणाले, "साहेब, हे पाणी तोडू नका. आमची विहीर ह्याच्यावरच."

खरंच होतं. जांभा सच्छिद्र, त्याच्याखाली शेडी मातीचा, म्हणजे पाणी सहज न झिरपू देणाऱ्या चिकणमातीचा, थर. मुरलेलं पाणी तिथे अडतं आणि उताराला झरा होऊन फुटतं. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या रत्नागिरी जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. वरचा कातळ फोडून काँक्रीट ओतायचं आणि खाली बोअर मारायची, हे कसलं नियोजन?

शाळा चिरेखाणीच्या काठावर घेतली, जिथे कातळ आधीच तुटलाय. एक लांब इमारत न करता वर्गांचे तुकडे केले, जोती जांभ्याच्या बुटक्या खांबांवर उचलली, म्हणजे पाणी खालून जातं. कातळ उघडाच असल्यामुळे पाया खोल खणावा लागला नाही. चिरे खाणीत पडून असलेलेच वापरले. नैऋत्येला रुंद पडवी, वर मंगलोरी कौलं. पन्हळीचं पाणी एका जागी कोसळलं तर पेरभर माती वाहून जाईल, म्हणून ते खाणीच्या खोल कोपऱ्यात सोडलं. तिथे त्याचा साठा होतो. खाणीचा उरलेला सपाट तळ म्हणजे पाऊस सरल्यावरचं मैदान. बाग नाही, बाहेरची माती नाही. वृक्षारोपणाला मी ठाम नकार दिला. सड्यावर सुरुंग लावून खड्डे काढायचे आणि त्यात झाडं लावायची, हा पर्यावरणप्रेमाचा प्रकार मला कधीच पटलेला नाही.

अडलंय ते रस्त्यावर. ठेकेदाराने न विचारता पाण्याच्या वाटेवर मातीचा भराव टाकला, तो काढायला लावला. मुलांनी डांबरी रस्त्यापासून बैलगाडीच्या जुन्या वाटेने चालत यावं, असं माझं म्हणणं. पालक म्हणतात, जुलैच्या वाऱ्यात पहिलीतलं पोर दप्तर घेऊन उघड्या सड्यावरून कसं येणार? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. खालून पाणी जाईल असा उचललेला, छप्पर घातलेला पायरस्ता काढून दिलाय. खर्च ऐकून समिती गप्प आहे आणि शाळेची बस सड्यावर आणायची मागणी पुन्हा पुढे आली आहे. पुढच्या बैठकीला वाडीतल्या काकांनाही बोलवा, असं मी कळवलंय.